एफ-२५० ला गूसनेक हिच: कोणता घ्यावा आणि बेडला भोक कसं पाडावं?

प्रश्न (कुरण_टेक्सस): गवताचे गठ्ठे वाहायला २५ फुटी गूसनेक फ्लॅटबेड ट्रेलर घेतोय (ज्याची मान पिकअपच्या बेडमधल्या, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या हौद्यातल्या, बॉलवर बसते). ट्रेलरची कमाल मर्यादा १४,००० पौंड, पण गठ्ठे भरून एकूण ११,००० च्या आसपास राहील. गाडी २०१९ ची फोर्ड एफ-२५०, डिझेल, क्रू कॅब, बेड पावणेसात फुटी. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून २,७५० पौंडांची मर्यादा लिहिलीय. ३०,००० पौंड ओढू शकणारा अंडरबेड (बेडच्या खाली चासीला बसणारा) हिच बघून ठेवलाय. तो चालेल का? घरी बसवता येतो का?

चासी_नंबर_एक: हिच चालेल. पण तुमचं गणित ३०,००० वर अडणार नाही, त्या २,७५० वर अडेल.

गूसनेकमध्ये ट्रेलरच्या वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भार बॉलवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर येतो. ११,००० चे २० टक्के २,२००. हिचचं स्वतःचं वजन दीडशेच्या घरात. आत दोन माणसं, धरा ३५०. झाले २,७००. उरले ५० पौंड! भार २५ टक्क्यांवर गेला तर नुसता बॉलच २,७५० खातो. शिवाय स्टिकरवरचा आकडा कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो. नंतर बसवलेली टूलबॉक्स, पायऱ्या, सगळं त्यातूनच वजा होतं.

गठ्ठे मागे सरकवून बॉलवरचा भार कमी करू नका, ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. एक थर कमी भरा. पहिल्या खेपेला ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) वजन करा. तिथे एक्सलनिहाय आकडे मिळतात, ते दारावरच्या एक्सल मर्यादेशी ताडून पाहा.

पाना_आणि_कानस: हिच मागवण्याआधी बेडमध्ये डोकवा. मध्ये एक मोठं आणि चार बाजूंना चार अशी झाकणं लावलेली भोकं दिसली, तर गाडीला कंपनीचंच प्रेप पॅकेज (हिचसाठीची आधीच केलेली तयारी) आहे. मग त्यात बसणारा बॉल घेतला की काम झालं, काही कापायची गरज नाही.

कुरण_टेक्सस: पाहिलं, भोकं नाहीत. म्हणजे कापावंच लागणार. साध्या ड्रिलने जमेल?

पाना_आणि_कानस: जमेल, पण बाजूचं हँडल असलेलं, कमी वेगावर जोर देणारं ड्रिल घ्या. होल सॉ (गोल भोक कापणारी दातेरी वाटी) अडकला की मनगट पिरगळतं.

स्टेपनी काढा. हिचसोबतच्या सूचनांच्या कागदावर दिलेलं माप बेडच्या कडेपासून दोनदा घ्या. बॉलचा मध्य मागच्या एक्सलच्या किंचित पुढे यायला हवा. मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटतं. आधी पाव इंची भोक पाडा आणि खाली जाऊन बघा, वर ब्रेकची नळी किंवा वायर येत नाही ना. मगच ४ इंची होल सॉ. २०१७ पासून सुपर ड्यूटीचा (एफ-२५० ज्यात येते ती फोर्डची मालिका) बेड अॅल्युमिनियमचा आहे, त्यामुळे कापायला सोपा, पण चुरा दातांत चिकटतो. कटिंग ऑइल टाकत राहा. कड कानसने घासा, प्रायमर-रंग लावा. बेडला लोखंड थेट चिकटू देऊ नका. ओल लागली की त्या जागी अॅल्युमिनियम खातं, म्हणून मध्ये वॉशर किंवा रंगाचा थर हवा.

आडवे बार चासीवर ठेवा, मधला भाग जॅकने उचला. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, बॉलचं तोंड भोकाच्या मधोमध आलं की मगच आवळा. इम्पॅक्ट गनवर (बोल्ट आवळायच्या मशीनवर) विसंबू नका, शेवटचा आवळ टॉर्क पान्यानेच, कागदावरच्या आकड्यावर. शंभरेक मैल ओढून झाल्यावर पुन्हा तपासा, कारण रंग दबतो आणि बोल्ट सैल पडतो. चासीला वेल्डिंग अजिबात नको.

मागचा_दिवा: दोन गोष्टी राहिल्या. ट्रेलर जोडून सपाट जागी उभा करा आणि बेडच्या कठड्यापासून ट्रेलरच्या खालच्या बाजूपर्यंत किमान ६ इंच मोकळं आहे का बघा. नसेल तर खड्ड्यात कठडा दबतो. कपलरची (ट्रेलरच्या मानेचा बॉलवर बसणारा भाग) उंची कमी-जास्त करता येते, पण ट्रेलर नाकाड वर करून चालायला नको. पावणेसात फुटी बेडवर निमुळत्या मानेचा फ्लॅटबेड सहसा अडत नाही. चौकोनी नाकाचा जनावरांचा ट्रेलर मात्र तीव्र वळणावर कॅबच्या काचेवर येतो.

ट्रेलरच्या दिवे-ब्रेकचं सात पिनांचं सॉकेट बेडमध्येच बसवा. बंपरवरून वायर आणली की टेलगेटमध्ये चिरडते. बॉल २ ५/१६ इंची आहे, कपलरही तोच आहे ना? साखळ्या दोन्ही बाजूंना अडकवा, ब्रेकअवेची दोरी (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) गाडीच्या वेगळ्या बिंदूला बांधा, साखळीला नाही. आणि जोडल्यावर लॅच बंद झालाय हे डोळ्यांनी बघा, मग लँडिंग जॅकने मान किंचित वर उचलून पाहा. गाडीची पाठ वर आली तर कपलर धरलंय.