बापाची दारू पोराच्या रक्तात उतरते का?

बेदाणा_तासगाव: नमस्कार मंडळी, आजोबा दारूनं गेले, वडील लिव्हर खराब होऊन गेले आणि आता धाकटा भाऊ. बेदाण्याच्या शेडवर कामाला असतो, सकाळी हात एवढे थरथरतात की चहाची बशी धरता येत नाही, मग एक क्वार्टर पोटात गेली की हात एकदम स्थिर. भावकीतले म्हणतात रक्तातच आहे तुमच्या, नाद सोडा. माझा पोरगा यंदा दहावीला आहे म्हणून जास्त धास्ती वाटते. खरंच रक्तात असतं का हे? आणि आईला कुणीतरी पावडर सांगितलीय, भाजीत कालवून द्यायची, पिणाऱ्याला कळत पण नाही म्हणे. द्यावी का?

सिस्टर_मिरज: दादा, आधी पावडरीचं. अजिबात देऊ नका, आईंना आजच सांगा. असल्या पुड्यांमध्ये डायसल्फिरामची गोळी कुटून घातलेली असू शकते. दारूचं लिव्हरमध्ये आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी, मग त्याचं पुढं साधं ॲसिड होऊन जातं. ही गोळी दुसरी पायरीच अडवते, त्यामुळं वरून दारू प्याली की तोंड लालबुंद, धडधड, उलट्या, बीपी खाली, माणूस दगावूसुद्धा शकतो. डॉक्टर ती देतात पण पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं.

दुसरं, त्याला घरात कोंडून एकदम दारू बंद करू नका. रोजच्या दारूनं मेंदू सतत दाबलेला असतो म्हणून तो आपली उत्तेजना वाढवून ठेवतो, दारू थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते, हात थरथरतात ते त्याचंच. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेली माणसं दिसणं, ताप. ॲडमिट करून औषधं आणि बी-१ व्हिटॅमिनची इंजेक्शनं देत दारू उतरवली तर यातलं बरंच टळतं.

कराडचा_मास्तर: रक्ताचं मी सांगतो, जीवशास्त्र शिकवतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाच्या धोक्यात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा धरतात. १९७३ साली गुडविन यांनी डेन्मार्कमधले दत्तक गेलेले मुलगे तपासले, जन्मदाते व्यसनी पण पोरं लहानपणीच दुसऱ्या घरात वाढलेली, तर त्यांच्यात व्यसन इतर दत्तक मुलांच्या जवळपास चौपट निघालं. भावकी एवढंच ऐकणार. पण त्याच अभ्यासात अशा शंभरातले ऐंशीच्या वर पोरगे व्यसनी झाले नव्हते, हे पण सांगा त्यांना.

दारूचा असा एकच जीन नसतो, बरेच जीन थोडा थोडा हात लावतात. काही तर उलट वाचवतात, जपान-चीन-कोरियाकडं बऱ्याच लोकांत एएलडीएच२ नावाच्या जीनचा असा प्रकार असतो की सिस्टरनी सांगितलेली पायरी जन्मापासूनच मंद, दोन घोटांत तोंड लाल, त्यामुळं त्यांच्यात दारूचं व्यसन कमी.

आता पोराचं. आपल्याकडं 'गड्याला कितीबी पाजा, चढत नाय' असं कौतुकानं बोलतात ना, ते फार वाईट कौतुक आहे. अमेरिकेतल्या मार्क शुकिट यांनी व्यसनी बापांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, ज्यांना तरुणपणी दारू कमी चढायची तेच पुढं जास्त अडकले. थांब म्हणणारी खूणच शरीराला मिळत नाही. त्यात मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून पहिला घोट जेवढा लांबेल तेवढं बरं. पोराला आजोबा-पणजोबांचं उघड सांगा, लपवू नका.

वाळवा_एक्सप्रेस: मी स्वतः यातून गेलोय. साताऱ्यात दाभोलकरांनी सुरू केलेल्या परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्रात होतो. दारू सुटली तरी ओढ लगेच जात नाही, पगार झाला की किंवा ठरावीक टपरी दिसली की डोक्यात आधीच डोपामिन, म्हणजे ओढ लावणारं मेंदूतलं रसायन, सुरू, बाटली लांबच राहिली. डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन दिलं, त्यानं प्यायल्याची मजाच कमी होते, मला फरक पडला. घरात शुगर आहे म्हणून कोण औषध सोडतं का? मग याचाच नाद का सोडायचा.

बेदाणा_तासगाव: सगळ्यांचे आभार, पुडी आईकडनं काढून घेतली. पण भाऊ यायलाच तयार नाही, मला काय झालंय म्हणतो, मग?

सिस्टर_मिरज: मग तुम्ही आणि वहिनी दोघं या आधी. मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, पेशंट नसला तरी घरच्यांना कसं बोलायचं ते सांगतात. आणायचं जमेपर्यंत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात. त्याच्याशी सकाळी थरथर थांबल्यावर बोला, रात्री प्यालेल्या माणसाशी नको. आणि मधे कधी फिट आली किंवा बरळायला लागला तर त्याच्या होकाराची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीला घेऊन या.