किनाऱ्यावरचा हंगाम कसा चाललाय? अनुभव लिहा

माडाची_सावली
माळा आवरताना न्याहारी-निवास सुरू केला तेव्हाची नोंदवही सापडली. सासूबाईंचं अक्षर. पुण्याची, सांगलीची, कोल्हापूरची कुटुंबं आणि प्रत्येकापुढे ‘४ रात्री’, ‘५ रात्री’. निघताना त्या प्रत्येकाला आमसुलांची पुडी द्यायच्या.
आता तारकर्लीच्या रस्त्यावर शनिवारी गाडी पुढे सरकत नाही, इतके लोक. पण मुक्काम एका रात्रीचा! बारा वाजता येतात, दुसऱ्या दिवशी अकराला डिकी बंद. पाच रात्री राहिले तरी जाताना चादरी, अभ्रे, टॉवेल एकदाच धुवायचे, आणि एका रात्रीलाही तेवढेच. बाईची मजुरी, साबण, पाण्याचा पंप सगळं पाचपट. लोकांना वाटतं, गर्दी दिसते म्हणजे चांदी आहे. तुमच्याकडे काय?

देवबागचो
वहिनी, २०२५ च्या मे चा नाव नको. मोसमी पाऊस २५ तारखेक देवगडात पोचलो, पण आधीचे चार-पाच दिस पण धो धो. तसा पण दरवर्षी २६ मे च्या सुमाराक पॅरासेलिंग, स्कूबा, किल्ल्याची होडी सगळा बंद करूचा लागता, ता ऑगस्ट सरासर. म्हणजे सुट्टीचो शेवटचो आठवडो तोच काय तो कमाईचो, आणि तोच धुवान गेलो. आगाऊ घेतलेले पैसे परत केले. पोरांचो पगार मात्र दिवचोच लागता, तेंका काय पाऊस सांगतलंस?

घाटावरची
आम्ही येतो ना कोल्हापूरहून दरवर्षी! फक्त २०२४ ला करूळ घाट काँक्रीटच्या कामासाठी बंद, मग फोंड्याने फिरून, त्यात धाकट्याला गाडी लागते. तीन पिशव्या भरल्या त्याने. त्या वर्षी दुसऱ्यांदा यायची हिंमत झाली नाही.
ताई, आमसुलांची पुडी अजून देता का?

माडाची_सावली
या तर खरं, देते. दोन रात्री राहिलात तर दोन पुड्या.

पोफळीतली
दापोली बाजू. आमचं गणित ३ जून २०२० ला बदललं. निसर्ग वादळात वाडीतली पोफळं एकावर एक आडवी, घराकडून समुद्र दिसायला लागला जो कधी दिसत नव्हता. नवीन पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. आधी वाडी घर चालवायची आणि खोल्या हे वरचे पैसे होते. आता खोल्यांवरच घर. मग कर्ज काढून एसी बसवले, कारण फोनवर पहिला प्रश्न एसी आहे का, दुसरा स्विमिंग पूल आहे का. समोर समुद्र आहे हो!! हप्ता जुलैतही जातो, जुलैत माणूस येत नाही.

खानावळ_काकू
घाईत लिहितेय, डाळ शिजतेय. शनिवारी रात्री साडेनऊला फोन, “काकू आम्ही महामार्गावर अडकलोय, दहा जण, जेवण ठेवा.” ठेवलं. सुरमई आणून मीठ-हळद लावून, बाई थांबवून. साडेअकराला आले आणि चौघं म्हणतात आज संकष्टी, आम्हाला साधं. त्या रात्री मी आणि बाईने चार-चार तुकड्या खाल्ल्या. सुरमईचा भाव माहितीये ना? जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हाही लोक ताजं पापलेट मागतात आणि नाही म्हटलं की तोंड वाकडं.

नुसताच_वाचक
चौघंच? नशीबवान आहात. आमच्याकडे अख्खी बस आली होती, आणि श्रावण.

खानावळ_काकू
हाहा मग काय केलंत

नुसताच_वाचक
वालाची उसळ. वाटी वाटी मागून घेतली. आता तीच माणसं उसळीसाठी फोन करतात, मासे राहिले बाजूला.

कासवगाव
आमच्या वेळास गावात उलटं झालं. फेब्रुवारी ते एप्रिल इकडे कोण फिरकायचं? ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला लोक यायला लागले आणि घराघरात पंगती बसल्या. हॉटेल नाही, आमच्याच पडवीत झोपायचं, जेवण शाकाहारी. बायकांच्या हातात पैसा आला तो यातून. आता अडचण अशी की लोकांना शनिवारीच पिल्लू हवं. घरट्यातून निघायला दीड-दोन महिने लागतात आणि कासवीण काही वार बघून अंडी घालत नाही. एक गृहस्थ म्हणाले, “मग पैसे परत.” कुणी द्यायचे, तिने?

शेवटची_खोली
बुकिंगवाल्यांबद्दल कोणी बोलत नाही का. घसघशीत कमिशन घेतात, वर आम्हाला न विचारता सवलत लावतात. शेजारी दर पाडतो म्हणून आपणही पाडायचा. दोन वर्षांत गल्लीत खोल्या दुप्पट झाल्यात, बऱ्याच बाहेरच्यांच्या. ते तोट्यातही तग धरतात.

देवबागचो
+१. आणि वीज गेली की तेंच्याकडे जनरेटर, आमच्याकडे मेणबत्ती.

पोफळीतली
म्हणून मी आता सोमवार ते गुरुवार येणाऱ्यांना दर कमी ठेवते, तीन रात्रींवर नाश्ता फुकट. निवृत्त मंडळी येतात, घरून काम करणारी पोरं येतात. गोंगाट नाही, धुणं कमी. फार नाही, पण हप्ता निघतो. @माडाची_सावली करून बघा.

माडाची_सावली
बघते. वायफाय धड हवं ना त्यांना, ते आमच्याकडे माडाच्या झावळीवर अवलंबून आहे.

घाटावरची
थोडं वेगळं विचारते. या वेळी दापोलीहून गुहागरला जायचंय. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवणं अवघड असतं का? नवरा घाबरतो, पण कबूल करत नाही.

पोफळीतली
अवघड नाही. ती पोरं हाताने खुणा करतात तसंच चालवायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही. काच खाली ठेवायला सांगा. रविवारी रांग असते, सकाळची गाठा.

घाटावरची
स्वतःचं डोकं लावायचं नाही हे त्याला तुम्हीच सांगा, नंबर देते.