'गन्सेल' म्हणजे नक्की काय? (माल्टीज फाल्कन)

१९४१ चा माल्टीज फाल्कन, हम्फ्री बोगार्टवाला पिक्चर. त्यात डिटेक्टिव्ह सॅम स्पेड (बोगार्ट) त्या जाड्या व्हिलन गटमनला दम देतो की तुझं काय ते ठरेपर्यंत ह्या गन्सेलला माझ्यापासून लांब ठेव. डिक्शनरीत 'बंदूकवाला गुंड' दिलंय पण बोगार्ट ते शिवी हासडल्यासारखं बोलतो. मराठीत काय म्हणावं, पंटर?

— गनचा काही संबंध नाहीये त्यात. मूळ यिडिश शब्द, अर्थ हंसाचं पिल्लू, आणि अमेरिकेतल्या भटक्या लोकांच्या आणि जेलमधल्या बोलीत मोठ्या पुरुषाने 'ठेवलेला' पोरगा. कादंबरी डॅशिएल हॅमेटची, १९३० ची, त्याआधी ब्लॅक मास्क मासिकात क्रमशः आलेली. किस्सा असा सांगतात की संपादक अश्लील शब्दांवर टपलेला असायचा म्हणून हॅमेटने मुद्दाम एक वाह्यात वाटणारा पण साधा शब्दप्रयोग घातला (दोरीवरचे कपडे चोरणे, बस एवढंच), संपादकाने तो उडवला आणि गन्सेल मात्र गुंड समजून सोडून दिला. पुढे सगळ्यांनीच तसं समजून वापरला आणि तोच अर्थ डिक्शनरीत जाऊन बसला :)

— भारी! आपल्याकडे छावा म्हणजे पिल्लू आणि कट्ट्यावर 'त्याची छावी', तसंच झालं हे. पंटर नको मग, त्यात नुसता भाईचा माणूस येतो, दुसरं काही येत नाही.

— मला तर वाटतं हा पिक्चर अजून बघवतो तो ह्याच्यामुळेच. ह्याच कादंबरीवर १९३१ मध्ये एक येऊन गेला होता, बराच मोकळाढाकळा, नंतर सेन्सॉर कडक झाल्यावर त्याला परत रिलीज करायची परवानगीच मिळाली नाही. जॉन ह्यूस्टनने १९४१ ला केला तेव्हा काहीच उघड दाखवता येत नव्हतं, मग पीटर लॉरेची छडी, त्याच्या पात्राचं, कैरोचं, सुगंधी व्हिजिटिंग कार्ड, हा असला एखादा शब्द, सगळं असं आडून आडून. पक्षी, म्हणजे सगळे ज्याच्या मागे लागलेत तो फाल्कनचा पुतळा, कोणाकडे ते एकदा कळल्यावर रहस्य संपतं हो, पण कोण कोणाशी काय खोटं बोलतंय ते बघायला दरवेळी मजा येते. स्पेडची क्लायंट ब्रिजिड खरं कधी बोलते ह्यावर तर आमच्याकडे अजून भांडणं होतात.

— ते राहू दे, शब्द सांगा कोणीतरी, सबटायटल करतोय.

— 'लाडका' लिहा. 'तुझ्या त्या लाडक्याला लांब ठेव.' ऐकणाऱ्याला कळलं तर कळलं, नाहीतर नुसता टोमणा. आणि शेवटी विल्मरला (गटमनचा पोरगा, हाच तो गन्सेल) बळीचा बकरा करायची वेळ येते तेव्हा गटमन म्हणतोच की हा मला मुलासारखा, पण मुलगा गेला तर दुसरा मिळेल, फाल्कन एकच आहे. तिथे 'लाडका' आणखीनच झोंबेल बघा.