झाडीपट्टीच्या नाटकावर कॉमेंट्री ट्रॅक: कोणी ऐकेल काय, आणि करायचा कसा?

धानबांधी:
मंडईतल्या, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भ) दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकाच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग आहे जी. चार तासांचं, एकाच कॅमेऱ्यावरचं, आवाज मिक्सरमधून घेतलेला. डीव्हीडीवर सिनेमा चालू असताना दिग्दर्शक मागून बोलत राहायचा, तसं नाटकाचे लेखक, ऑर्गनवाले आणि प्रॉम्प्टर यांना बोलतं करायचं आहे. मंडळी म्हणतात, "नाटक चालू असताना मधात बडबड कोण ऐकते?" खरं आहे काय? आणि तीन मोबाइल, एक लॅपटॉप एवढ्यात भागेल का?

पडद्यामागे:
नाटक पहिल्यांदा बघणाऱ्याला ती बडबडच. हा ट्रॅक दुसऱ्यांदा बघणाऱ्याचा. गोष्ट माहीत झाली की नजर मोकळी होते आणि प्रश्न पडतात: इथं उजेड गेला तो मुद्दाम, की लाइनच गेली? लेखात उत्तर वाचता येतं, पण उजेड जाताना त्याच क्षणी कानात मिळतं ते फक्त इथं. १९८४ साली क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने 'किंग काँग'ची लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीची मोठी व्हिडिओ तबकडी) काढली. डिस्कवर आवाजाचे दोन ट्रॅक होते आणि सिनेमाला एकच पुरत होता. उरलेल्यावर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाला बोलायला बसवलं, तिथून ही चाल पडली.

फसतं ते दिसतंय तेच सांगण्यात. "आता पाटील आत येतो." अरे बाप्पा, दिसतेच ना! पाटील दोन वाक्यं उशिरा काहून आला ते सांगा: आधीच्या प्रवेशातला कोतवालही तोच नट, फेटा बदलायला वेळ लागला, आणि तोवर ऑर्गनने सूर धरून ठेवला. एकमेकांचं कौतुक हा दुसरा रोग. खरा माल प्रॉम्प्टरकडे. कुठलं वाक्य गळलं आणि कोणी सावरून घेतलं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

चार तास मात्र करू नका. एक अंक घ्या.

तारजोड:
भागेल. तिघांनाही हेडफोन द्या. स्पीकर लावला की नाटकाचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि नंतर दुहेरी ऐकू येतो, तो काढता येत नाही. प्रत्येकाचा मोबाइल तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. समोर धरला तर 'प' आणि 'फ'ला फुंकर बसते. विमान मोड चालू, पंखा-कूलर बंद. टिनाच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून मागे-पुढे दोरीवर गोधड्या टाका. लोडशेडिंगची वेळ बघून लॅपटॉप भरून ठेवा.

अ‍ॅपमध्ये ४८,००० हर्ट्झ निवडा, व्हिडिओचा आवाज बहुधा तोच असतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा आणि पुन्हा सुरू करताना टाळी वाजवा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात; लांब रेकॉर्डिंगमध्ये सुरुवात जुळते आणि शेवट सरकतो. टाळीमुळे तिन्ही फाइली एका टोकावर लावता येतात.

मग लॅपटॉपवर ऑडॅसिटी, आवाज जुळवायचं फुकट सॉफ्टवेअर. वर नाटकाचा आवाज, त्याच्या लगेच खाली कॉमेंट्री. वरचा ट्रॅक निवडून 'ऑटो डक' लावा: बोलणं आलं की नाटक १२ डेसिबलने खाली जातं, थांबलं की वर येतं. खालीवर चुकलं तर काम करत नाही, तिथं बरेच जण अडकतात. गाण्याच्या वेळी बोलूच नका.

पडद्यामागे:
व्हिडिओ आणि आवाजाचे ट्रॅक एका फाइलीत बांधायला एमकेव्हीटूलनिक्स हे सॉफ्टवेअर वापरा. आधी व्हिडिओ टाका, मग नाटक आणि कॉमेंट्री मिसळलेला ट्रॅक. त्याला नाव द्या आणि 'डिफॉल्ट' नको करा, नाहीतर पहिल्यांदा बघणाऱ्यालाही कॉमेंट्रीच ऐकू येईल. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'बी' दाबलं की ट्रॅक बदलतो; आवाज मागेपुढे वाटला तर 'जे' आणि 'के'ने ५० मिलिसेकंदांनी सरकवता येतो. या जादा ट्रॅकला ९६ केबीपीएसवर (सेकंदाला ९६ किलोबिट) तासाला सुमारे ४३ एमबी लागतात. पेनड्राइव्हवरून टीव्हीत लावणार असाल तर आधी तपासा, काही टीव्ही पहिलाच ट्रॅक वाजवतात. अशांसाठी कॉमेंट्री मिसळलेला वेगळा व्हिडिओ ठेवा. नाट्यकंपनीची आणि गाण्यांची परवानगी लेखी घ्या.

धानबांधी:
प्रॉम्प्टरबुवा कुजबुजल्यासारखंच बोलतात, सवयच आहे. काय करायचं?

तारजोड:
त्यांचा मोबाइल चार बोटं अंतरावर आणा आणि त्यांचा ट्रॅक वेगळाच ठेवा, मग एकट्याचाच आवाज वाढवता येतो. कुजबुज बदलायला नका सांगू. तीच ऐकायची आहे.