बेकिंगचं पुस्तक घेताना काय बघावं: ग्रॅम की खाणाखुणा?

तराजू
घरी बेकिंग करणाऱ्याने पुस्तक निवडताना माझ्या मते पहिली चाळणी एकच लावावी: मापं ग्रॅममध्ये आहेत का? नसतील तर पुस्तक परत फळीवर. मैदा चमच्याने हलकेच कपात भरून वरून सपाट केला तर साधारण १२० ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १४५-१५०. दोन कप मैद्याच्या केकमध्ये म्हणजे ५०-६० ग्रॅमचा घोळ! केक कोरडा होतो, वर घुमटासारखा फुगून तडकतो आणि शिव्या ओव्हनला बसतात.
शिवाय कप कुठला? अमेरिकी साधारण २४० मिलिलिटरचा, मेट्रिक २५०चा. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून २० मिलिलिटरचा, इतरत्र बहुतेक ठिकाणी १५चा. यातलं काहीच न सांगणारं पुस्तक शोभेचं. फोटो कितीही देखणे असोत.

मंद_आच
वजनाबद्दल वाद नाही, पण चाळणी चुकली. ग्रॅम अचूक देऊन पुढे 'बटर-साखर फेटा, १८० अंशांवर ३५ मिनिटं भाजा' एवढ्यावर बोळवण करणारी पुस्तकं ढिगाने आहेत. बटर कसं हवं? १८ ते २० अंशांचं. बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. त्याहून मऊ, चकाकणारं बटर हवा धरत नाही. केक बसका आणि तुपकट होतो. त्यात फ्रिजमधली गार अंडी घातली की मिश्रण फाटतं. पुस्तकात हे नसेल तर काट्यावरचा आकडा काय कामाचा?

तराजू
काट्यावरचा आकडा दोष शोधायच्या कामाचा. घटक बरोबर पडलेत याची खात्री असेल तर चूक फेटण्यात की भाजण्यात एवढंच बघायचं राहतं. कपाने मोजलं तर सगळ्यावरच संशय.

चिमूटभर
दोघंही पुस्तक घरी आणून मग पारखताय. उभ्या उभ्या, दोन पानं उघडूनही बरंच कळतं. १२० ग्रॅम मैद्याला बेकिंग पावडर १ ते सव्वा टीस्पून, ही सर्वसाधारण मर्यादा. पुस्तकात त्याच्या दुप्पट दिसली तर सावध व्हा: केक भराभर फुगतो, बुडबुडे फुटतात आणि मध्ये खड्डा पडतो. सोडा असेल तर तेवढ्याच मैद्याला पाव टीस्पून, आणि सोबत ताक, दही, लिंबू असं काहीतरी आंबट हवंच. चॉकलेट केकच्या पानावर कोको साधा की अल्कलीवर प्रक्रिया केलेला, हे लिहिलंय का? साधा कोको आंबट असतो, सोड्याला प्रतिसाद देतो. दुसरा देत नाही. आंबटपणा फक्त कोकोतूनच मिळणार असेल आणि कोकोचा प्रकार लिहिला नसेल, तर केक दडपा आणि साबणाच्या चवीचा होऊ शकतो.
टिनचा आकारही बघा. २० सेंमी गोल टिनचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौ. सेंमी, २३ सेंमीचं ४१५. एकतृतीयांश फरक! 'मध्यम आकाराचं भांडं' असं लिहिणाऱ्याचं पुस्तक मी चाळतही नाही.
आणि तराजू, साधा किचन काटा एकेका ग्रॅमने पुढे सरकतो. २ ग्रॅम यीस्ट त्यावर भरवशाने मोजता येत नाही. तिथे सपाट केलेला चमचाच बरा. चांगलं पुस्तक मैदा-साखर ग्रॅममध्ये देतं आणि यीस्ट, सोडा चमच्यात.

तराजू
हा मुद्दा मान्य, पण मिठाला तो लागू नाही. एक टीस्पून बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम, तोच चमचा पोकळ, पापुद्र्यांच्या मिठाचा निम्म्यापर्यंत उतरतो. मिठाचं वजन द्यायलाच हवं.

जाळीदार
पाककृतींपेक्षा प्रमाण शिकवणारं पुस्तक घ्यावं, असं माझं मत. पाउंड केक म्हणजे मैदा, बटर, साखर, अंडी सारख्या वजनाची. साधा ब्रेड: मैदा ५००, पाणी ३२५, मीठ १०, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, म्हणजे मैद्याच्या ६५, २ आणि १ टक्के. एवढं समजलं की दोनशे कृतींचा ठोकळा लागत नाही. त्यातल्या दीडशे एकाच मिश्रणाच्या वेगवेगळ्या टोप्या असतात.

मंद_आच
नवख्याला टक्केवारी देऊन काय होणार? ते ३२५ ग्रॅम पाणीसुद्धा अंतिम नाहीच. पीठ बदललं की पाण्याची भूक बदलते, कणीक असेल तर आणखी जास्त. २५ ग्रॅम पाणी मागे ठेवा, गोळा भांड्याच्या कडा सोडायला लागला की थांबा, असं पुस्तकाने सांगायला हवं. पुन्हा खूणच आली ना!
आणखी एक कसोटी. ब्राउनीच्या पानावर 'टूथपिक स्वच्छ निघेपर्यंत भाजा' असं लिहिलेलं दिसलं तर ओळ केकच्या पानावरून उचललीय असं समजा. ओलसर ब्राउनी हवी तर टूथपिकला दमट कण चिकटायला हवेत. स्वच्छ निघाली म्हणजे ती कोरडी पडली. 'पंख्याचा ओव्हन असेल तर २० अंश कमी' हेही नसेल तर दिलेल्या मिनिटांना अर्थ नाही.

तराजू
खुणा चांगल्याच. पण 'अंडी ३' या ओळीला कुठली खूण लावणार? सोललेलं मोठं अंडं साधारण ५० ग्रॅम, लहान ४०. तीन अंड्यांत ३० ग्रॅम कमी, म्हणजे पाणी आणि बांधणी दोन्ही कमी. चार अंडी फोडून फेटा, १५० ग्रॅम मोजून घ्या. हे वजनाशिवाय जमत नाही.

जाळीदार
खुणा उत्तम, पण मापं कपात, असं पुस्तक आधीच घरात असेल तर?

चिमूटभर
पेन्सिलीने समासात वजनं लिहा. साखर २००, पिठीसाखर १२०, बटर २२७ ग्रॅम प्रति कप. यात फार फरक पडत नाही. गोची मैद्याची. प्रस्तावनेत 'कप बुडवून भरा' असं असेल तर १४५ धरा, 'चमच्याने भरा' असेल तर १२०. काहीच नसेल तर १३० वर सुरू करा. केक तडकला, कोरडा झाला तर पुढच्या वेळी कपामागे १० ग्रॅम कमी. मध्ये बसला आणि पुरतं भाजूनही चिकट लागला तर १० वाढवा. पण त्याआधी बेकिंग पावडरचा हिशेब तपासा, बसलेल्या केकचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.