उत्तर: विजेचा तुटवडा संपला, मग अडचण कुठे?

देशाची वीजनिर्मितीची क्षमता वाढली, तुटवडा संपला आणि आता प्रश्न फक्त थकबाकीचा उरलाय, असं या चर्चेत वर एकाने लिहिलंय. त्यातलं क्षमता वाढल्याचं म्हणणं मान्यच आहे. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली आणि ती भागवलीही गेली. दहा वर्षांपूर्वी हे खरं वाटलं नसतं. पण प्रश्न फक्त वीजबिलाच्या थकबाकीचा उरलाय हे पटत नाही. शेवटच्या डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, काय चालतं ते या चर्चेत कुणी लिहिलेलंच नाही.

आमच्या शिवारात ६३ केव्हीए क्षमतेची डीपी आहे. पाच एचपीच्या बारा-तेरा मोटारी तिला झेपतात, जोडल्यात एकोणीस. त्यात लाईट रात्रपाळीत आली तर कोण उठणार, म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो (लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणारा स्विच) बसवला होता. त्यामुळे लाईट आली की एकोणीसही मोटारी एकदम उचलायच्या, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मग व्होल्टेज पडायचं, मोटारी न फिरता नुसत्या घुमायच्या, वाइंडिंग जळायचं. गेल्या रब्बीत डीपीच जळाली. नवीन येईपर्यंत अकरा दिवस गेले आणि ऐन दाणे भरताना गव्हाचं पाणी चुकलं.

मग आम्ही सगळ्यांनी व्होल्टेज सावरायला कपॅसिटर बसवले आणि ऑटो काढून पाळ्या लावल्या. त्यानंतर एकही मोटार जळलेली नाही. पण रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावरून जावं लागतं, सापाची भीती असतेच. म्हणून मला २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना कोळशावरच्या नव्या औष्णिक संचापेक्षा जास्त मोलाची वाटते. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प, त्यावर शेतीचे फीडर (शेतीला वीज नेणाऱ्या वाहिन्या), आणि पाणी दिवसा.