बहिणीची पाळी चार महिने बंद आहे, पोलीस भरतीच्या सरावामुळे असं होतं का?

नमस्कार मैत्रिणींनो,

माझी धाकटी बहीण, वय २०, पोलीस भरतीची तयारी करतेय. गावाकडे तालुक्याच्या ॲकॅडमीत राहते. पाळी अगदी नियमित होती, २८-३० दिवसांनी. आता चार महिने आलेलीच नाही.

दिवाळीनंतर ८०० मीटरची वेळ कमी करायची म्हणून दोन्ही वेळ ग्राउंड सुरू केलं. पहाटे रनिंग, संध्याकाळी गोळाफेक आणि १०० मीटर. वजन उतरलं की पाय हलके होतात असं कुणीतरी सांगितलं, तर रात्रीचं जेवणच सोडलं. मूठभर फुटाणे खाऊन झोपते. ५४ किलोची ४६ झाली. सुट्टीला आली तेव्हा तिची वही पाहिली. रोजची वेळ सेकंदासकट लिहिलेली, आणि मागच्या पानावर पाळीच्या तारखा. शेवटची नोव्हेंबरची, खाली पान कोरं. विचारलं तर म्हणाली, "बरंच आहे की ताई, ग्राउंडवर कटकट नाही. बाकीच्या पोरींची पण बंदच आहे." काळजात धस्स झालं माझ्या.

आमच्याकडे 'पाळी चुकली' म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात यायला ती तयार नव्हती. पुण्याला आणून दाखवलं. लघवीची तपासणी सांगितली तेव्हा रडली बिचारी. लग्न झालेलं असो-नसो, पाळी थांबली की ही तपासणी आधी करतातच, असं समजावलं. ती निगेटिव्ह आली. थायरॉईड नॉर्मल, सोनोग्राफीत पीसीओडी नाही, हिमोग्लोबिन ९.८. पाळी यायला दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या संपून दोन आठवडे झाले, एक डागही नाही. ती परत ॲकॅडमीत गेलीय आणि आता धावताना डावी नडगी दुखते म्हणते.

मैदानी चाचणी तोंडावर आहे. ग्राउंड पूर्ण बंद करावं लागेल का? कुणाला असा अनुभव आहे का?

प्रतिसाद:
मी कॉलेजात असताना लांब पल्ल्याचं धावायचे. माझी सात महिने बंद होती. मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडलं की मेंदू अंडाशयाला संदेश देणंच आखडतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन इतकं घटतं की गर्भाशयात अस्तरच तयार होत नाही, मग गोळ्यांनी पडणार काय? हाडंही त्यानेच ठिसूळ होतात, म्हणून नडगीचं आधी बघा. हाडावर एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल तर धावणं लगेच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, इस्ट्रॅडिओल या हार्मोनच्या रक्ततपासण्या केल्या नसतील तर डॉक्टरांना विचारा. माझी पाळी खाणं वाढवल्यावर आली. ग्राउंडच्या आधी केळं नि शेंगदाण्याचा लाडू, आल्या आल्या भाकरी-अंडी, रात्री पोटभर जेवण. पाच महिने लागले.

धागाकर्ती:
खूप आभार ताई. आत्ताच फोन करून तिला नडगी दाबून बघायला सांगितलं. एकाच जागी कळ येते म्हणाली. उद्या पहाटेच्या एसटीने आणायला निघतेय.